मुंजा कुणाच्या मालकीचा?

पत्राचा सारांश: पुण्याच्या एक वाचक आणि त्यांचे तीन मित्र बरीच वर्षं डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, पात्रं होऊन गोष्ट रचत खेळायचा खेळ खेळतात. खेळता खेळता त्यांचं स्वतःचं एक जग तयार झालं. त्यात घाटवाटा, गड आणि देवराया आहेत, आणि मुंजा, खवीस, आसरा, चकवा अशी आपल्याकडची मंडळी. आता त्याचं १६० पानी पुस्तक काढायचं आहे, मराठीत आणि इंग्रजीत, पीडीएफ आणि छापील. मूळ नियम फाइव्ह-ईचे, म्हणजे त्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे. 'वाट चुकणं' आणि 'नवस' हे दोन नियम त्यांनी स्वतः घडवलेले. चौघांत एकमत होत नाही. सॉफ्टवेअरमधला मित्र म्हणतो, सगळंच ओपन करू. दुसरा म्हणतो, तसं केलं तर उद्या एखादा मोठा प्रकाशक आपला मुंजा उचलून नेईल. तिसऱ्याला २०२३ चा लायसन्सचा गोंधळ आठवतो आणि परक्या नियमांवर विसंबायचीच भीती वाटते. शिवाय चार प्राणी एका परदेशी पुस्तकातून घेतलेत आणि त्या पुस्तकाच्या शेवटी ओजीएल (ओपन गेम लायसन्स) छापलेलं आहे. दोन अ‍ॅडव्हेंचर (खेळायच्या तयार गोष्टी) एका मित्राने लिहिलीत, चित्रं ओळखीच्या चित्रकाराने काढलीत, लेखी काहीच नाही. पत्रासोबत मुंजाचं नमुना पान जोडलं आहे. प्रश्न असा: निम्मं खुलं आणि निम्मं आपलं असं करता येतं का, आणि रेघ कुठे मारायची?

प्रिय वाचक,

तुमच्या पत्रात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या दिसतात. खुल्या नियमांवर पुस्तक उभं केलं की आपलंही काहीतरी खुलं करावंच लागतं, ही एक. जे खुलं केलं नाही ते सुरक्षित राहतं, ही दुसरी. या दोन्ही नीट तपासल्या तर चौघांमधला बराचसा वाद आपोआप मिटेल.

पहिलीपासून सुरुवात करू. 'ओपन' या एकाच नावाखाली या धंद्यात तीन निरनिराळे व्यवहार चालतात आणि लोक सर्रास त्यांची सरमिसळ करतात.

फाइव्ह-ईचे मूळ नियम सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१ मध्ये आहेत. खेळणारे त्याला एसआरडी म्हणतात. या खेळाच्या मालक कंपनीने, विझार्ड्स ऑफ द कोस्टने, तो २७ जानेवारी २०२३ रोजी क्रिएटिव्ह कॉमन्स अ‍ॅट्रिब्यूशन ४.० खाली, म्हणजे बोलीभाषेत सीसी-बाय खाली, मोकळा केला. २०२४ च्या सुधारित नियमांवरचा एसआरडी ५.२ एप्रिल २०२५ मध्ये त्याच लायसन्सखाली आला. हे लायसन्स श्रेय मागतं. तुमच्या मजकुरावर हक्क सांगत नाही. एसआरडी वापरून तुम्ही १६० पानं लिहिलीत आणि त्यावर 'सर्व हक्क राखीव' छापलंत तरी चालतं, फक्त एसआरडीतून जसाच्या तसा घेतलेला भाग इतरांसाठी मोकळाच राहतो. बंधनं मोजकी आहेत. एसआरडीच्या पहिल्याच पानावर श्रेयाचं तयार वाक्य दिलेलं आहे, ते जसंच्या तसं छापायचं. विझार्ड्सचा उल्लेख त्यापलीकडे श्रेय म्हणून करू नका, अशी विनंतीही तिथेच आहे. मजकुरात बदल केलेत हे नमूद करायचं. आणि घेतलेल्या भागावर कॉपी करता येऊ नये असं कुलूप लावायचं नाही. पीडीएफच्या पानाखाली खरेदीदाराचं नाव उमटवलं तर हरकत नाही, त्याने कुणाची अडवणूक होत नाही. मराठी भाषांतरालाही या लायसन्सने पूर्ण मोकळीक आहे.

दुसरा व्यवहार विझार्ड्सच्याच ओजीएल १.०अ चा, सन २००० पासूनचा. तुमच्या तिसऱ्या मित्राची भीती इथे खरी आहे, पण ती इथेच खरी आहे. त्या लायसन्समध्ये 'कायमस्वरूपी' असा शब्द होता, 'मागे न घेता येणारा' असा नव्हता. शिवाय कलम ९ मध्ये 'अधिकृत आवृत्ती' असे शब्द होते. जानेवारी २०२३ मध्ये नव्या लायसन्सचा मसुदा फुटला तो याच फटीतून निघालेला: जुनी आवृत्ती यापुढे अधिकृत नाही असं म्हणायचं, आणि वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर २० ते २५ टक्के मागायचे. लोक खवळले. कंपनीने सुधारित मसुदा काढून मतं मागवली. १५ हजारांवर उत्तरं आली आणि त्यांतल्या ८८ टक्के लोकांनी या लायसन्सखाली आम्ही छापणार नाही असं कळवलं. मग माघार झाली आणि एसआरडी सीसी-बाय खाली आला. सीसी-बाय ४.० मागे घेता येत नाही असं त्यातच लिहिलेलं आहे. तुम्ही अटी मोडल्या तर तुमच्यापुरतं ते संपतं, पण चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केलीत तर पुन्हा लागू होतं. तेव्हा फाइव्ह-ईचे नियम सीसी-बाय खाली घेतलेत तर २०२३ ची पुनरावृत्ती तुमच्या पुस्तकाला शिवणार नाही.

मात्र ते चार परदेशी प्राणी हीच तुमच्या पुस्तकातली खरी अडचण आहे आणि पत्रात तुम्ही तिचा उल्लेख जाता जाता केलाय. ओजीएल खालचा मजकूर घेतलात की ते लायसन्स पूर्ण पाळावं लागतं. लायसन्सची अख्खी प्रत पुस्तकात छापायची. कलम १५ मध्ये मूळ पुस्तकाच्या सगळ्या कॉपीराइट ओळी उतरवून शेवटी आपली जोडायची. कोणता मजकूर खुला आहे हे स्पष्ट दाखवायचं. दुसऱ्याच्या ट्रेडमार्कशी आपलं पुस्तक जुळतं असं परवानगीशिवाय म्हणायचं नाही. आणि त्या मजकुरापासून तुम्ही जे घडवाल तेही खुलंच राहतं. वर कलम २ सांगतं की त्या मजकुरावर दुसऱ्या कुठल्या अटी लादता येणार नाहीत. म्हणजे एका पानावर सीसी-बाय आणि समोरच्या पानावर ओजीएल, अशी विभागणी तुम्हाला पुस्तकभर सांभाळत बसावी लागेल. चार प्राण्यांसाठी एवढा खटाटोप म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ते काढा आणि एसआरडी ५.१ मधला सर्वांत जवळचा प्राणी घेऊन आपल्या शब्दांत नव्याने बांधा. एक खबरदारी घ्या. जुनं पान समोर ठेवून वाक्यं फिरवू नका. प्राण्याने खेळात काय करायला हवं ते दोन ओळींत लिहा, मूळ पुस्तक मिटा आणि मग लिहायला बसा.

तिसरा व्यवहार ऑर्क लायसन्सचा. २०२३ च्या गोंधळानंतर पायझो या दुसऱ्या खेळ-प्रकाशकाच्या पुढाकाराने तो तयार झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये अंतिम झाला. त्यात खेळाची यंत्रणा आपोआप खुली होते. तुम्ही नवा नियम घडवलात तर तोही पुढच्यांसाठी मोकळा, राखून ठेवायची सोयच नाही. राखीव राहतात ती माणसं, ठिकाणं, इतिहास, चित्रं, बोधचिन्हं. आपण खुलं केलेलं कुणी पुढे बंद करू नये असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांच्यासाठी ऑर्क चांगलं आहे. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्या मित्राला आवडेल, त्यांच्या जगातल्या जीपीएल या खुल्या लायसन्सच्या जवळ जातं. पण फाइव्ह-ईचा एसआरडी ऑर्कखाली नाही, त्यामुळे तुमच्या पुस्तकात त्याचं काम नाही.

आता चोरीची भीती. तुम्ही पाठवलेलं मुंजाचं पान घेऊ आणि त्यावर बोट ठेवून विचारू: हे कुणाचं?

सगळ्यात वर नाव, 'मुंजा'. ते कुणाचंच नाही. सोडमुंज व्हायच्या आधी मेलेला पोरगा पिंपळावर बसतो, ही समजूत गावोगावची आहे. ती ना तुमच्या मालकीची होऊ शकते ना तुमच्याकडून चोरली जाऊ शकते. खाली आकडे: छोट्या आकाराचा अनडेड (मेलेला पण फिरणारा), आर्मर क्लास (मार चुकवायची ताकद) १३, हिट पॉइंट्स (किती मार सोसतो) २१ (६डी६, म्हणजे सहा बाजूंचे सहा फासे), डेक्स्टेरिटी (चपळाई) १६. यांच्यावरही कुणाचा हक्क लागत नाही. त्याखाली भिंतीतून आरपार जाण्याची शक्ती, 'वस्तूच्या आत टर्न संपला तर ५ (१डी१०) फोर्स डॅमेज' वगैरे. तो मजकूर एसआरडीतल्या भुताचा आहे, म्हणजे श्रेय विझार्ड्सचं. मग 'पिंपळाची हद्द': मुंजाला पिंपळापासून ६० फुटांपलीकडे जाता येत नाही, हद्दीत असताना दर टर्नच्या सुरुवातीला ५ हिट पॉइंट्स परत मिळतात, आणि खेळाडूंनी त्याची सोडमुंज लावली की ही ताकद जाते. ही शक्ती तुमची, आणि झकास आहे. शेवटी तुमच्या जगातल्या आंबेखिंडीतल्या नारूची गोष्ट, तीही तुमची. शेजारी चित्र, ते आजघडीला बहुधा चित्रकाराचं. त्याबद्दल पुढे.

पण 'पिंपळाची हद्द' कायद्याने नेमकी किती तुमची? आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये स्पष्ट केलं की कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती मांडण्याच्या पद्धतीवर असतो. तेव्हा तुमची ती तीन वाक्यं तुमची. झाडाला बांधलेला, ६० फुटांत बरा होणारा, एका विधीने दुबळा होणारा प्राणी ही यंत्रणा मात्र उद्या कुणीही स्वतःच्या शब्दांत लिहू शकतो. तुम्ही 'सर्व हक्क राखीव' छापलंत तरीही. ज्या मोठ्या प्रकाशकाला तुमचा मित्र घाबरतोय त्याच्याकडे स्वतःच्या शब्दांत लिहिणारी माणसं पगारावर असतात, त्याला तुमचं कुलूप आडवं येत नाही. अडतो तो कोल्हापूरचा किंवा ठाण्याचा एखादा हौशी लेखक. त्याला तुमच्या नियमांवर बारा पानांचं अ‍ॅडव्हेंचर लिहायचं असतं आणि हे चालेल का, असं विचारायला कुणाकडे जावं ते कळत नाही, म्हणून तो गप्प बसतो.

खुलं करण्याचा फायदा या माणसामुळे मिळतो. त्याचं अ‍ॅडव्हेंचर खेळायला तुमचं पुस्तक लागतं. म्हणून दर गोष्टीला एकच प्रश्न विचारा: दुसऱ्या लेखकाला आमच्या पुस्तकाशी जुळणारं काही लिहायचं तर हे उतरवावंच लागेल का? 'वाट चुकणं' आणि 'नवस' उतरवावे लागतील, मुंजाचा स्टॅट ब्लॉक, म्हणजे आकड्यांची चौकटही. आंबेखिंडीच्या सात पिढ्यांचा इतिहास उतरवावा लागणार नाही, तो वाचायला लोक पुस्तक विकत घेतील. रेघ तिथे मारा. पानांचं प्रमाण काय पडतं ते बघू नका. कदाचित २५ पानं खुली होतील, कदाचित ४०.

खुल्या नियमांतून प्रतिस्पर्धी उभा राहतो हा आक्षेप मात्र हवेतला नाही. पायझोचा पाथफाइंडर हा खेळ तसाच उभा राहिला. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या साडेतीन आवृत्तीचे नियम ओजीएलखाली होते. विझार्ड्सनी २००८ मध्ये चौथी आवृत्ती काढली आणि तिला बरंच कडक लायसन्स दिलं. २००९ मध्ये पायझोने जुने नियम सुधारून स्वतःचा खेळ बाजारात आणला. पण नीट पाहिलं तर मूळ मालकानेच ते नियम टाकून दिले होते, आणि ज्यांना तेच खेळायचे होते ते गिऱ्हाईक पायझोकडे गेलं. तुम्ही आपला खेळ चालू ठेवलात, नवी पुस्तकं काढत राहिलात, तर हा धोका लहान आहे. उलट बाजूने, दुसऱ्याच्या लायसन्सवर उभं असण्याची किंमतही पायझोनेच मोजली. २०२३ नंतर त्यांनी ओजीएलपासून सुटण्यासाठी आपले मूळ ग्रंथ नव्याने लिहिले. पात्राचा भलेबुरेपणा ठरवणारी अलाइनमेंट गेली, आणि मॅजिक मिसाइल या मंत्राचं नाव फोर्स बराज झालं. तुमच्या जगाचा कणा असलेल्या गोष्टी एसआरडीतल्या नावांवर टेकवू नका. नवसाचा नियम फाइव्ह-ईच्या कुठल्याही विशिष्ट क्लासवर (पात्राच्या पेशावर) अवलंबून नसेल असा लिहा, म्हणजे उद्या दुसऱ्या नियमांवर जायचं ठरलं तर तो सोबत येईल.

रेघ कशी मारायची याच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे पुस्तकातच खुला मजकूर राखाडी चौकटीत छापायचा. दिसायला बरं दिसतं, पण चालत नाही. मांडणी करताना एखादी चौकट अर्धी पुढच्या पानावर जाते, सावली छपाईत पुसट येते, आणि 'नावं सोडून सगळं खुलं' अशी एखादी गोलमाल ओळ शेवटी टाकली जाते. ओजीएलच्या काळात कित्येक पुस्तकांनी मंत्राचा नियम खुला आणि मंत्राचं नाव राखीव असं केलं. वापरणाऱ्याने मग करायचं काय?

दुसरी पद्धत तुमच्यासाठी योग्य: पुस्तक पूर्ण राखीव, आणि वेगळा छोटा एसआरडी, म्हणजे नुसत्या नियमांची फाइल, सीसी-बाय ४.० खाली, फुकट. 'ब्लेड्स इन द डार्क' या खेळाने नियम असेच वेगळे काढून सीसी-बाय खाली दिले, आणि 'फोर्ज्ड इन द डार्क' हे चिन्ह लावून त्यावर कितीतरी वेगळे खेळ आले. या पद्धतीत काय खुलं यावर वादच उरत नाही: जे त्या फाइलीत आहे ते खुलं, बाकी नाही.

या फाइलीची तयारी मात्र कंटाळवाणी आहे आणि इथेच लोक घसरतात. एक तक्ता करा. दर नियम, प्राणी, मंत्र, वस्तू यांना एक ओळ. रकाने: नाव, कुणी लिहिलं, कुठून घेतलं (एसआरडी ५.१, स्वतःचं, लोकपरंपरा), खुलं की राखीव, खुल्या फाइलीतलं नाव. शेवटचा रकाना महत्त्वाचा. विझार्ड्सनी आपल्या एसआरडीत ताशाज हिडिअस लाफ्टरचं नुसतं हिडिअस लाफ्टर केलं, मेल्फ्स अ‍ॅसिड अ‍ॅरोमधला मेल्फ वगळला, बिगबीज हँडचं आर्केन हँड केलं. विशेषनाम राखीव, नियम खुला, आणि वापरायला एक सुटसुटीत नाव हातात. तुमचं 'आंबेखिंडीचं शिलाकवच' खुल्या फाइलीत 'शिलाकवच' होईल.

मग राखीव नावांची यादी घेऊन अख्ख्या फाइलीत शोध घ्या. शीर्षकांत नावं सापडतीलच. निसटतात ती उदाहरणांत ('नारूने नवस बोलला तर...'), तक्त्यांच्या खालच्या टिपांत, पीडीएफच्या बुकमार्कांत आणि चित्रांच्या पर्यायी मजकुरात. विझार्ड्ससारख्यांच्याही सीसी-बाय खालच्या ५.१ मध्ये बिहोल्डर आणि माइंड फ्लेअर ही नावं कुठेकुठे राहून गेली. ती ओजीएलच्या काळात राखीव यादीत होती. त्यांचे स्टॅट ब्लॉक फाइलीत नव्हते म्हणून फारसं बिघडलं नाही. तुमच्याकडून नारूची अख्खी गोष्ट गेली तर मात्र परत घेता येणार नाही. सुधारित १.१ काढता येतं, पण ज्याने १.० उतरवलं त्याचा हक्क तसाच राहतो. म्हणून चौघांपैकी ज्याने ते लिहिलेलं नाही त्याने शेवटचं वाचन करावं.

मराठी फाइलीची आणखी एक खोड आहे. पुस्तक जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये लावलं असेल तर पीडीएफमधून कॉपी केलेलं सगळं अगम्य चिन्हांत उतरतं. युनिकोड असलं तरी मांडणीच्या सॉफ्टवेअरमधून निघालेल्या पीडीएफमधून जोडाक्षरं आणि वेलांट्या हमखास विस्कटतात. असा एसआरडी कागदावर खुला, प्रत्यक्षात बंद. तो साध्या युनिकोड मजकुरात किंवा वर्डच्या फाइलीत द्या, पीडीएफ सोबत असली तर असू दे.

फाइलीच्या पहिल्या पानावर नाव, आवृत्ती, वर्ष, हक्कधारक, लायसन्सचं पूर्ण नाव आणि दुवा. त्याखाली श्रेयाचं तयार वाक्य, जे पुढच्याने फक्त चिकटवायचं. तुमच्या फाइलीत विझार्ड्सचा मजकूर असल्यामुळे पुढच्याला दोन श्रेयवाक्यं लागतील, दोन्ही तिथेच द्या. बोधचिन्ह, पुस्तकाचं नाव आणि चित्रं या लायसन्सखाली नाहीत, हेही एका ओळीत लिहा.

इथे 'नॉन-कमर्शियल' जोडायचा मोह होईल, कारण त्याने सुरक्षित वाटतं. नको. मग ठाण्याचा तो लेखक आपलं अ‍ॅडव्हेंचर ५० रुपयांनाही विकू शकणार नाही आणि लिहिणारही नाही. 'शेअर-अलाइक' जोडलंत तर जुळणारं पुस्तक काढणाऱ्याला आपलं रूपांतरही त्याच अटींवर खुलं करावं लागतं, तिथेही छोटे प्रकाशक मागे सरतात. नियमांच्या छोट्या फाइलीला साधं सीसी-बाय पुरे.

जगाबद्दल, म्हणजे राखीव भागाबद्दल, वेगळं छोटं धोरण जाहीर करता येईल: आंबेखिंडीवर फुकट कथा, नकाशे, खेळाचे व्हिडिओ करा, फक्त 'अधिकृत नाही' असं लिहा, विकायचं असेल तर आधी विचारा. हे धोरण तुम्ही पुढे बदलू शकता, सीसी-बाय बदलू शकत नाही. कोणती परवानगी कायमची द्यायची आणि कोणती आपल्या हातात ठेवायची हा फरक चौघांनाही समजला पाहिजे.

डीएम्स गिल्ड या ऑनलाइन दुकानात टाकावं का, असं कुणीतरी सुचवेलच. तिथे फरगॉटन रेल्म्ससारखी विझार्ड्सची जगं वापरता येतात, निर्मात्याला विक्रीच्या ५० टक्के मिळतात, पण तिथलं पुस्तक दुसरीकडे विकता येत नाही आणि तुमचा मजकूर विझार्ड्स व तिथले इतर लेखक वापरू शकतात. स्वतःचं जग असणाऱ्याने तिथे जाण्यात काही हशील नाही. ड्राइव्हथ्रूआरपीजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात सीसी-बाय खालचं पुस्तक विकता येतं. तिथे फक्त तिथेच विकायचं कबूल केलं तर ७० टक्के, नाहीतर ६५ टक्के असा वाटा आहे. तुम्हाला छापील प्रत आणि मराठी वाचक दोन्ही गाठायचे आहेत, तर त्या ५ टक्क्यांसाठी स्वतःला बांधून घेऊ नका.

आता ते लेखी काहीच नसणं. लायसन्स देतो तो मालक, आणि सध्या तुमच्या पुस्तकाचे किमान तीन मालक आहेत. पगारी नोकर नसलेल्या मित्राने लिहिलेली अ‍ॅडव्हेंचर त्याच्या मालकीची असतात, तुम्ही त्याला चहा पाजलात की मानधन दिलंत याने फरक पडत नाही. पैसे देऊन काढून घेतलेल्या पेंटिंगबद्दल कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये वेगळी तरतूद आहे, पण टॅब्लेटवरचं चित्र त्यात बसतं का यावर वाद घालण्यापेक्षा दोन पानांचा करार करा.

त्यात कलम १९ ची कलमबाजी लक्षात ठेवा. हक्क हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागतं. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षंच धरली जातात. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, म्हणजे इंग्रजी पीडीएफ परदेशात विकताना पंचाईत. आणि करारात वेगळं म्हटलं नसेल तर मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर तो निसटतो. रोलप्लेइंग गेमची पुस्तकं ठरल्या तारखेला निघाल्याचं फारसं ऐकिवात नाही, तेव्हा हे कलम तुमच्यासाठीच लिहिलंय असं समजा. 'कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभर, कलम १९(४) लागू होणार नाही' असे शब्द करारात हवेत. मित्राच्या मजकुरातला जो भाग एसआरडीत जाणार त्याला सीसी-बाय खाली देण्याची स्वतंत्र संमती घ्या. चित्रकाराकडून सगळे हक्क मागायची गरजही नाही. पुस्तक, पीडीएफ आणि जाहिरात यांपुरता परवाना घ्या, मूळ चित्र त्याच्याकडे राहू द्या. स्वस्त पडतं आणि चित्रं खुल्या फाइलीत जाणारच नाहीत. हे सगळं पुस्तक निघायच्या आधी. विक्री सुरू झाल्यावर कागद पुढे केला की चांगली मैत्रीही आंबते.

लोकपरंपरेबद्दल थोडं. आसरा, चकवा, खवीस वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. पण ज्या पुस्तकातून तुम्ही त्यांच्या कथा वाचल्यात ते पुस्तक कुणाचं तरी असतं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून, ६० वर्षं कॉपीराइट राहतो. तेव्हा हल्लीच्या संग्रहातली वाक्यं उचलू नका, समजूत घ्या. पानांच्या कडेला वारली चित्रं लावायचा विचार असेल तर इंटरनेटवरची उचलण्यापेक्षा वारली चित्रकाराला काम द्या. त्या कलेला भौगोलिक मानांकन आहे, आणि प्रत्येक चित्र शेवटी कुणीतरी काढलेलं असतंच.

पुस्तकाचं नाव ही तुमची सगळ्यात टिकाऊ मालमत्ता, आणि त्याकडे पत्रात लक्षच नाही. सीसी-बाय ट्रेडमार्क देत नाही, म्हणून नियम कितीही खुले केले तरी नाव तुमच्याकडे राहतं. 'सह्याद्री' सारखं नुसतं भौगोलिक नाव नोंदवायला अवघड आणि राखायला त्याहून अवघड, घडवलेलं नाव बरं. आधी ट्रेडमार्क नोंदवहीत शोध घ्या, तो फुकट आहे. छापील पुस्तकाला वर्ग १६, खेळाला वर्ग २८, डाउनलोडला वर्ग ९. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर दर वर्गाला ४,५०० रुपये शुल्क. तिन्हींचे पैसे नसतील तर १६ आणि २८ पासून सुरुवात करा. नोंदणी होईपर्यंत नावाशेजारी टीएम लिहा. वर्तुळातला आर नोंदणीशिवाय लावणं गुन्हा आहे. आणि तुमच्या मुखपृष्ठावर विझार्ड्सच्या खेळाचं नाव नको, 'फाइव्ह-ईशी सुसंगत' एवढं म्हणायची मुभा त्यांनीच दिलेली आहे.

राहिली मराठी परिभाषा. एसआरडी फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिशमध्ये अधिकृतपणे मिळतो, मराठीत नाही. सेव्हिंग थ्रो, अ‍ॅडव्हांटेज, शॉर्ट रेस्ट या खेळातल्या संज्ञांना तुम्ही जे शब्द योजाल तेच दुसऱ्या मराठी पुस्तकात आले नाहीत, तर एकाच टेबलावर दोन पुस्तकं वापरणं अशक्य होईल. म्हणून परिभाषेची यादी खुल्या फाइलीत सर्वांत आधी घाला, आणि शक्य झालं तर पुस्तकाच्या दोन-तीन महिने आधीच वेगळी देऊन टाका. त्यात राखण्यासारखं काही नाही आणि हरकती आल्या तर त्या छपाईआधी आलेल्या बऱ्या. पूर्ण एसआरडी मात्र पुस्तकाच्याच दिवशी येऊ द्या. 'नंतर काढू' म्हटलेला एसआरडी छपाईच्या धावपळीत मागे पडतो, आणि तोवर लिहू पाहणारे दुसऱ्या खेळाकडे वळलेले असतात.